एकशे वीस फुटांतले वेंकण्णा

वेंकण्णांच्या घरी पाहुणे आले की वेंकण्णा घराबाहेर जायचे. रागानं नव्हे, पाहुणचार म्हणून. घर दहा बाय बाराचं. त्यात दोन माणसं ऐसपैस बसायची, तिसरं बसलं की दार उघडायचं नाही. त्यामुळे नवरा-बायको जोडीनं आले तर दोघांना आत बसवायचं, हातात कॉफीचे पेले द्यायचे आणि स्वतः बाहेर खिडकीशी उभं राहून गप्पा मारायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आणि माझा नवरा नितीन घरात, आणि घराचे मालक खिडकीच्या गजांबाहेर. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, या दोघांनी बिचाऱ्या म्हाताऱ्याला हाकलून घर बळकावलंय.

"तुमचं घर किती?" गजांमधून पहिला प्रश्न आला.

"थ्री बीएचके," नितीन म्हणाला.

"मापात बोला."

"सोळाशे चौरस फूट."

"माणसं?"

"आम्ही दोघंच. मुलगी हॉस्टेलला असते."

"म्हणजे माणशी आठशे." वेंकण्णांनी नितीनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. नितीनची उंची पाच फूट सहा इंच. "एवढं कशाला पायजे हो तुम्हाला? कुठं कुठं पसरता?"

नितीननं कॉफी घाईघाईनं संपवली. घरी येताना तो म्हणाला, "हा माणूस पुन्हा भेटायला नको." पुन्हा न भेटणं शक्यच नव्हतं. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात आयटी पार्कच्या मागे आमची सहा मजली इमारत आहे आणि तिच्या कंपाउंडला चिकटून वेंकण्णांची बारा फूट रुंद, सव्वीस फूट लांब अशी जमिनीची पट्टी. आमच्या बिल्डरनं ती मागून पाहिली, भाव वाढवून पाहिला, शेवटी हात जोडले. वेंकण्णा हलले नाहीत. आमच्या पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून त्यांचा अख्खा संसार दिसायचा, आणि त्यांना आमच्या बाल्कनीत किती वेळ नळ चालू आहे ते ऐकू जायचं. बाप्पा, नळ बंद होईपर्यंत ते खालून "मीनक्का, मीनक्का" करून हाका मारायचे.

मी मूळची नागपूरची मीनल. वयानं त्यांच्या मुलीएवढी. पण इकडे मान द्यायचा म्हणजे अक्का म्हणायचं, म्हणून मी मीनक्का. त्यांचं घराणं बंगळूरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं. शहाजीराजांच्या काळात कुणी एक पूर्वज लिहिण्याच्या कामाला म्हणून इकडे आला आणि परत जायचं विसरला, असं ते सांगायचे. चिकपेटात त्यांचं एकत्र कुटुंबाचं घर होतं. त्याच्या वाटण्या झाल्या, आणि वेंकण्णांनी आपल्या वाट्याचे पैसे घेऊन ही पट्टी घेतली. इथं तेव्हा नुसती नाचणीची शेतं होती. चारशे वर्षांत घराण्याची मराठी टिकली होती, पण वाटेत तिला बरंच कानडी येऊन मिळालं होतं. "स्वल्प थांबा," म्हणजे जरा थांबा, "सरी, सरी," म्हणजे ठीक, आणि ताटात दुसरी पोळी पडली की "साकु!" म्हणजे पुरे. हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द.

नोकरी सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात. यंत्राचा सुटा भाग हातात आला की गेज लावायचा आणि केसभर जास्त निघाला की "रिजेक्ट" म्हणून बाजूला टाकायचा. पस्तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी माणसाचं जगणं तपासायला घेतलं. निजायला सहा फूट बाय अडीच लागतं. जेवायला दोन बाय दोन. आंघोळीला तीन बाय तीन आणि पंधरा लिटर. सगळ्याची बेरीज करून त्यांनी घर बांधलं. त्यात जास्तीची अशी एक वीट नव्हती. खाट दिवसा दोरानं वर ओढून छताला लावलेली. जेवणाचं टेबल भिंतीत मिटणारं. नवी वस्तू आत यायची असेल तर जुनी एखादी बाहेर गेलीच पाहिजे. नितीननं एका दिवाळीला त्यांना चांगली जाडजूड सतरंजी नेऊन दिली, तर म्हणाले, "सरी. आणि ह्याच्या बदली काय नेता?" नितीन खरोखरच एक चाळणी घेऊन घरी आला. ती अजून आमच्याकडे आहे.

घराच्या मागे घराएवढीच टाकी. कंबरभर उंच, पक्की बांधलेली, दहा हजार लिटरची. घराच्या पत्र्यावरचं आणि टाकीच्या झाकणावरचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात जायचं आणि त्यावर वेंकण्णा वर्ष काढायचे. रोजचे पंचेचाळीस लिटर. ना कॉर्पोरेशनची लाइन, ना बोअर, ना टँकर. सकाळी उठून ते टाकीत पट्टी बुडवायचे, पाणी किती खाली गेलं ते बघायचे, आणि हिशेब जुळला की टाकीवर दोन थापा मारायचे. मुलगी पहिली आल्यावर बाप पाठ थोपटतो ना, तशा.

आता असा माणूस नुसता शेजारी राहिला असता तर काही वाटलं नसतं. पण वेंकण्णा आमच्या सोसायटीच्या मीटिंगला यायचे. ते सभासद नाहीत, त्यांना कुणी बोलावत नाही, तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर हजर. "माझ्या जमिनीखालचं पाणी तुमची बोअर ओढते, तेव्हा मला ऐकायचा हक्क आहे," हे त्यांचं म्हणणं. आणि ऐकायचा म्हणता म्हणता ते बोलायचेच.

आमचे सेक्रेटरी श्रीवास्तव. माणूस वाईट नाही. फक्त दोन गाड्या आहेत आणि दोन्ही रोज सकाळी पाइप लावून धुवायची हौस आहे. या दोघांची जुगलबंदी ठरलेली.

"अंकलजी, सब लोग आपके जैसा रहने लगे तो देश की इकॉनमी बैठ जाएगी."

"बैठने दो. आप भी स्वल्प बैठो, सुबह से पाइप पकड के खड़े हैं."

लोक हसायचे. मग कुणीतरी आकडे काढायचं, कुणी म्हणायचं कारखान्यांना आधी सांगा, कुणी म्हणायचं शेतीला किती लागतं ते बघा. एकदा मीही तावातावानं म्हटलं, "अण्णा, शहरात एवढी मोठमोठी हॉटेलं आहेत, तरणतलाव आहेत. माझ्या एका शॉवरनं असा काय फरक पडणार?"

"सरी. किती पडतो ते मापात बोला," ते म्हणाले. "बादली लावून बघितली? नाही ना? मग नाही पडत म्हणून कसं सांगता?"

दुसऱ्या दिवशी मी शॉवरखाली बादली लावली. आकडा सांगत नाही. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा फार राग येतो, तो मला आठवडाभर आला. श्रीवास्तव मात्र त्या मीटिंगमध्ये चिडला होता. तो म्हणाला, "पानी तो बचा लिया आपने, अंकलजी. लेकिन आंटीजी कहाँ हैं? उस घर में रहने को वो तो तैयार नहीं!"

वेंकण्णांनी आपली घडीची खुर्ची मिटली, काखोटीला मारली आणि जिना उतरून गेले.

कारण ते खरं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. वेंकण्णांची बायको, पद्मक्का, म्हैसूरला मुलीकडे राहायची. भांडण नाही, फारकत नाही. घर बांधून झालं तेव्हा पद्मक्का आल्या, तीन दिवस राहिल्या आणि चौथ्या दिवशी पिशवी भरून म्हैसूरच्या गाडीत बसल्या. वेंकण्णांचा बाकी सगळा हिशेब बरोबर आला होता, हा एवढा चुकला होता, आणि तो दुरुस्त करणं हा त्यांच्या आयुष्याचा एकच कार्यक्रम उरला होता. दर दुसऱ्या शनिवारी ते म्हैसूरला जायचे, घरात केलेली नवी सुधारणा तिला समजावून सांगायचे आणि रविवारी एकटे परत यायचे.

"काय म्हणाल्या अक्का?" मी बाल्कनीतून विचारायची.

"विचार चाललाय."

हा विचार अकरा वर्षं चालला होता. मध्ये एकदा पद्मक्का एका दिवसासाठी आल्या होत्या तेव्हा मी त्यांना गाठलंच. उंच, धिप्पाड, खळखळून हसणारी बाई. मी विचारलं, "एवढं काय वाईट आहे हो घर? नीटनेटकं तर आहे."

"घर झकास आहे ग," त्या म्हणाल्या. "पण त्यात रुसायला जागा नाही. माणसाचं भांडण झालं तर त्यानं कुठं जायचं? मी ह्यांच्यावर रागावून तोंड फिरवलं की तोंडापुढं भिंत, आणि पाठीला पाठ लावून हे. असं कुठं रुसता येतं?"

हे मी अण्णांना सांगितलं नाही, पण त्यांनी ते स्वतः तिच्याकडून ऐकलंच. पंधरा दिवसांत टाकीच्या पलीकडे एक फळी आली. भिंतीत मिटणारी, दीड बाय दीड. तिला घराकडे पाठ करून बसायची सोय होती, वर पावसाला पत्रा होता. पुढच्या शनिवारी त्याचं चित्र काढून ते म्हैसूरला घेऊन गेले. परत आले ते जरा हिरमुसलेले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, रुसायची जागा नवऱ्यानं मापून दिल्यावर रुसायचं काय उरलं?" मग म्हणाले, "विचार चाललाय."

मग तो उन्हाळा आला, ज्यात सगळ्या शहरात पाण्याची बोंब झाली. आमची बोअर आटली. टँकरवाला फोन उचलेना. सोळाशे चौरस फुटांत आम्ही दोन बादल्यांवर आलो. श्रीवास्तवच्या गाड्यांवर धुळीचा थर बसला, त्यावर कुणीतरी बोटानं नाव लिहिलं. आणि वेंकण्णा? पट्टी बुडवायचे, थापा मारायचे. आनंद लपवायची कला त्यांना अजिबात येत नव्हती. रोज संध्याकाळी आमच्या गेटसमोर उभं राहून पंधरा लिटरमध्ये आंघोळ कशी करावी याचं व्याख्यान द्यायचे, आधी खांदे, मग पाय, डोकं एक दिवसाआड. लोक मान खाली घालून ऐकायचे. माझ्या नवऱ्यानं तर वहीत लिहून घेतलं. आमच्यावर दया म्हणून त्यांनी आजाऱ्यांच्या दोन घरांना रोज एक-एक कळशी दिली, हेही सांगायला हवं. पण ती देतानाही "मापून घ्या" म्हणाले. त्या दोन महिन्यांत अण्णा इतके असह्य झाले होते की पहिला वळीव पडला तेव्हा पाण्यापेक्षा त्यांचं तोंड बंद होणार याचा आम्हाला जास्त आनंद झाला.

पुढच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, एका सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते. खाली वेंकण्णा टाकीशी उभे होते. टाकी काठोकाठ भरलेली. पण ते पट्टी बुडवत नव्हते. हातात मोजपट्टी होती आणि ते टाकीचीच लांबी-रुंदी घेत होते.

"काय अण्णा, टाकी वाढली की काय?"

त्यांनी वर बघितलं. "स्वल्प खाली येता, मीनक्का?"

मी गेले. कंपाउंडच्या भिंतीशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, नेहमीसारखं मुद्देसूद. पद्मक्का महिन्यापूर्वी म्हैसूरला पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण पाय पुन्हा उचलेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आता कायमची चाकांची खुर्ची. आणि मुलगी, वसुधा, तिला कंपनी जर्मनीला पाठवतेय. तिनं आईसाठी म्हैसूरलाच एका वृद्धांच्या केंद्रात खोली बघितली आहे. महिनाअखेरीला तिकडे हलवायचं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी वसूला सांगितलो, तिला इकडे आण. वसू म्हणाली, बाबा, त्या घरात खुर्ची आत तरी जाईल का? बरोबर बोलली." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "आपल्या इथल्या शिवाजीनगरला एका दुकानात जाऊन खुर्ची मापून आलो. खुर्चीला पुरं वळायला पाच फूट लागतं. घरात साडेतीन उरतं. खाट अशी वरून सोडायची नाही, तिला कायम मांडलेली पायजे. न्हाणीला दार तीन फुटांचं, उंबरा नाही." कागदावर सगळं आखलेलं होतं, नव्या खोलीचा नकाशा. ती खोली बरोबर टाकीच्या जागेवर होती.

"अण्णा, टाकी?"

"टाकी जाणार."

"आणि पाणी?"

"त्याच्यासाठीच तुम्हाला बोलावलो. कॉर्पोरेशनकडे अर्ज केलोय, त्याला वेळ लागणार. तोवर तुमच्या संपमधून, जमिनीखालच्या टाकीतून, मला लाइन पायजे. रोज अडीचशे लिटर."

अडीचशे! हा माणूस माझ्या बाल्कनीतला नळ मोजायचा.

"ती अंथरुणात आहे, मीनक्का," ते अगदी हळू म्हणाले. "चादरी रोज धुवायच्या असतात. कधी दोनदा. तिला आंघोळ मापून घालणार नाही मी."

मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मीटिंगमध्ये हे सांगितलं की कुणी नाही म्हणणार नाही. तर त्यांनी हात आडवा केला.

"हे सांगायचं नाही. तुम्हीपण नाही. पद्माच्या चादरी तुमच्या मीटिंगच्या अजेंड्यावर नको. मला पाणी पायजे, इतकं पुरे."

मी शब्द दिला. द्यायला नको होता.

रविवारी गच्चीवर वेंकण्णा घडीची खुर्ची न आणता आले आणि उभ्यानंच अर्ज वाचला. श्रीवास्तवचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं ज्या घासाची वाट बघितली तो आपोआप ताटात येऊन पडला होता.

"कितना, अंकलजी? ढाई सौ? रोज?" त्यानं सगळ्यांकडे बघून घेतलं. "क्यों चाहिए?"

"लगता है."

"अरे, लगता है मतलब? माप में बोलिए ना!"

गच्ची हसली. अगदी खो खो हसली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, शॉवर बसवलात का अण्णा? कुणी म्हणालं, तरणतलाव असेल. वेंकण्णा खाली मान घालून उभे होते. ज्यांना त्यांनी इतकी वर्षं बोल लावले त्यांनी आता बोलायचंच होतं, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मला सगळं ठाऊक होतं आणि मी खुर्चीवर बसून होते. नितीननं माझ्याकडे बघितलं, त्यालाही मी सांगितलेलं नव्हतं. तो म्हणाला, "तुझा चेहरा असा का झालाय?" मी म्हटलं, ऊन लागतंय.

शेवटी मी एवढंच म्हणाले की उन्हाळ्यात यांनी आपल्या दोन घरांना पाणी दिलं होतं, तेव्हा यांना पाणी द्यावं, याला माझा पाठिंबा आहे. लोकांना ते पटलं. श्रीवास्तवलाही पटलं, पण त्याची एक अट होती. अंकलजींनी नोटीस बोर्डावर लिहून द्यायचं की आपण चुकलो. मला वाटलं, आता हे पाय आपटत निघून जातील. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"कागज दो," म्हणाले.

लिफ्टशेजारच्या बोर्डावर तो कागद महिनाभर होता. कारखान्यातल्या तपासणीच्या अहवालासारखं रेखीव अक्षर. माणसाला दिवसाला पंचेचाळीस लिटर पाणी आणि एकशे वीस चौरस फूट जागा पुरते असं मी अकरा वर्षं सांगत आलो, ते चूक होतं, सबब सोसायटीची माफी मागतो. खाली सही. लिफ्टची वाट बघताना लोक तो वाचायचे आणि हसायचे. मी दोन आठवडे जिन्यानं गेले. राग आला होता मला, आणि श्रीवास्तवचा नव्हे, माझाच. शब्द पाळला याची एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

टाकी फोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी पाणी काढून टाकलं. आधी आमच्या सोसायटीतल्या झाडांना दिलं, मग रस्त्याकडेच्या झाडांना, मग रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्याला दोन पिंपं. तरी उरलं, ते तळातल्या बुचातून जमिनीत सोडलं. दुपारभर पाणी जात होतं. वेंकण्णा शेजारी उभे होते. त्या दिवशी त्यांनी काहीच मोजलं नाही. सकाळी गवंडी आले आणि घण घातले. टाकी इतकी पक्की होती की एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं. गवंडी कंटाळून म्हणाला, "कोणी बांधली होती हो ही?" वेंकण्णा म्हणाले, "होता एक वेडा."

मग भिंती उठल्या. मी रोज ऑफिसला जाता-येता बघायची. मापं घेणं चालू होतं, पण तऱ्हा बदलली होती. पूर्वी जिथं इंचभर जास्त झालं की ते गवंड्याला फोडायला लावायचे, तिथं आता म्हणायचे, "अजून स्वल्प सोड. राहू दे जास्त." महिना संपायला दोन दिवस असताना फरशी बसली. उंबरा नव्हता. रस्त्यापासून खोलीपर्यंत उतरता रस्ता होता आणि त्यावर वेंकण्णांनी रिकामी खुर्ची ढकलून दहा-बारा वेळा ये-जा करून बघितली होती.

पद्मक्का आल्या त्या दुपारी मी सुट्टी घेतली होती. गाडीतून वसुधानं आणि ड्रायव्हरनं त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. ती धिप्पाड बाई आता निम्मी झाली होती. केस पांढरेफटक. मला बघून हसल्या, पण आवाज निघाला नाही. वसुधा मला बाजूला घेऊन म्हणाली, "केंद्रात खोली अजून धरून ठेवलीय. उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय. आईला म्हटलं, तू बघ आणि तूच ठरव. बाबांचं काही सांगता येत नाही हो. चार दिवसांनी पुन्हा पाणी मोजायला लागतील आणि मी असेन जर्मनीत."

खुर्ची आत गेली. आम्ही सगळे मागोमाग गेलो, चार माणसं एकदम आत, तरी दार उघडं होतं. वेंकण्णा एका बाजूला उभे होते, पांढरा शर्ट, भांग पाडलेला, तोंडातून शब्द नाही. एरवी या माणसानं नव्या बिजागरीवरही पाऊण तास व्याख्यान दिलं असतं. पद्मक्कांनी खाट बघितली, न्हाणीचं रुंद दार बघितलं. मग दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि खुर्ची हळूहळू वळवायला लागल्या. सवय नव्हती. वसुधा पुढं झाली तशी त्यांनी मान हलवली. खिडकीकडून भिंतीकडे, भिंतीकडून खाटेकडे, खाटेकडून दाराकडे, आणि पुन्हा खिडकीकडे. कुठंही न अडता पूर्ण एक फेरी झाली.

"इथं टाकी होती ना?" त्यांनी विचारलं.

"गळत होती," वेंकण्णा म्हणाले.

पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. त्या टाकीतून कधी थेंब गळला नव्हता. मला ठाऊक होतं, आणि पद्मक्कांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्यांनाही ठाऊक होतं. वेंकण्णा कोपऱ्यातल्या गिलाव्यावर अंगठा फिरवत होते, तिथं जणू काही बारीक तडा होता.

"मग बरं केलं, काढून टाकली," पद्मक्का म्हणाल्या. "वसू, त्या लोकांना आत्ताच फोन कर. म्हणावं, खोली दुसऱ्या कुणाला द्या."

वसुधा फोन करायला बाहेर गेली. वेंकण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि गिलावा तपासत होते. त्यांचे खांदे हलत होते. पद्मक्कांनी मला डोळ्यांनीच जा म्हणून सांगितलं, आणि मी घरी आले.